इथिलीन वाढत होतं: सोलापुरातल्या एका पॉवर ट्रान्सफॉर्मरची तपासणी

संक्रांतीनंतर काढलेल्या तेलाच्या सॅम्पलमध्ये इथिलीन ३८ पीपीएम (दशलक्षात ३८ भाग) होतं. होळीनंतरच्या सॅम्पलमध्ये ते ७४ झालं. ट्रान्सफॉर्मर १३२/३३ केव्ही, म्हणजे १३२ हजार व्होल्टची वीज ३३ हजारांवर उतरवणारा, ५० एमव्हीए क्षमतेचा, सोलापूर शहराला लागून असलेल्या एका उपकेंद्रातला. त्याच्यावर टॉवेल-चादरीचे कारखाने, यंत्रमाग, पाणीपुरवठ्याचे पंप आणि शहराचा बराच भाग चालतो. बाहेरून बघितलं तर त्याला काहीही झालेलं नव्हतं. आवाज नेहमीचा, तेलाची पातळी बरोबर, ब्रीदरमधली (हवेतला ओलावा शोषणाऱ्या डबीतली) सिलिका जेल निळी, म्हणजे कोरडी, बुखोल्झ रिले (टाकीत वायू साचला की इशारा देणारं उपकरण) गप्प. तरीही ती दोन आकड्यांमधली उडी बघून मी दोन्ही रिपोर्ट बाजूला काढून ठेवले.

टेस्टिंगच्या कामात मी बरीच वर्षं आहे. या एका ट्रान्सफॉर्मरच्या निमित्ताने सगळी प्रक्रिया पहिल्या संशयापासून टाकी उघडून परत चार्ज करेपर्यंत, म्हणजे वीज जोडून चालू करेपर्यंत, माझ्या हातून गेली. मराठीत या विषयावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तेलाबद्दल. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत हजारो लिटर तेल असतं आणि त्यात कागद गुंडाळलेल्या तांब्याच्या वाइंडिंग (तारांची वेटोळी) बुडालेल्या असतात. तेल इन्सुलेशनचं काम करतं आणि उष्णता बाहेर रेडिएटरपर्यंत नेतं. आत कुठे जास्त तापलं किंवा ठिणगी पडली की तेलाचे रेणू तुटतात, वायू तयार होतात आणि ते तेलातच विरघळून राहतात. कुठला वायू तयार होणार हे तापमानावर ठरतं. बारीक डिस्चार्ज असेल तर मुख्यतः हायड्रोजन. साधं तापत असेल तर मिथेन, इथेन. त्याहून जास्त तापलं की इथिलीन. आणि आर्क पडत असेल, म्हणजे ७०० अंशांच्या बऱ्याच वर, तेव्हा ॲसिटिलीन. कागद जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड वाढतात. हे वायू मोजण्याच्या चाचणीला सगळे डीजीए (डिझॉल्व्ड गॅस ॲनालिसिस) म्हणतात.

आमच्या रिपोर्टमध्ये ॲसिटिलीन जेमतेम २ पीपीएम होतं. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ जागच्या जागी. मिथेन आणि इथिलीन दोन्ही चढत होते, आणि इथिलीन जास्त वेगाने.

रिपोर्ट वरिष्ठांकडे नेला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "लिमिटमध्ये आहे की." ते चूक नव्हतं. आयईसी ६०५९९ या आंतरराष्ट्रीय मानकात इथिलीनची नेहमी आढळणारी मर्यादा ६० ते २८० पीपीएम दिली आहे, आणि ७४ हा आकडा त्यात आरामात बसतो. पण ही मर्यादा जगभरातल्या असंख्य ट्रान्सफॉर्मरच्या आकड्यांवरून काढलेली आहे. नव्वद टक्के ट्रान्सफॉर्मर तिच्या खाली असतात, एवढंच ती सांगते. आपला हा एक ट्रान्सफॉर्मर बरा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. वर्षानुवर्षं २०० वर स्थिर असलेला ट्रान्सफॉर्मर मला चालतो. ३८ वरून दोन महिन्यांत ७४ वर गेलेला चालत नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची. सहा महिन्यांनी घ्यायचं सॅम्पल दर पंधरवड्याला घ्यायची परवानगी मी मागितली आणि ती मिळाली.

सॅम्पल घेणं ऐकायला सोपं वाटतं, पण निम्म्या चुकीच्या निदानांचं मूळ तिथेच असतं. टाकीच्या तळाचा सॅम्पलिंग व्हॉल्व्ह आधी पुसून घ्यायचा. पाइपमध्ये साचून राहिलेलं तेल बादलीत वाहू द्यायचं, म्हणजे टाकीतलं खरं तेल बाहेर येतं. मग काचेची सिरिंज, तिला तीन तोंडांचा छोटा कॉक. सिरिंज त्याच तेलाने दोनतीनदा धुवायची, आणि मग दट्ट्या हाताने न ओढता तेलाच्या दाबानेच हळूहळू मागे येऊ द्यायचा. हाताने ओढला की आत पोकळी होते आणि विरघळलेला वायू बुडबुड्याच्या रूपात सुटतो. एक बुडबुडा दिसला तरी ते सॅम्पल टाकून नवं घ्यायचं. हायड्रोजन तर इतका हलका की कॉक जरा सैल राहिला तरी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निसटतो. सिरिंज उन्हापासून झाकून डब्यात ठेवायची. आणि लेबलवर तारखेबरोबर तेलाचं तापमान, त्या वेळचा भार आणि टॅप क्रमांक लिहायचा. टॅप म्हणजे वाइंडिंगचे किती वेढे वापरात आहेत ते ठरवणारं स्थान; ते बदलून व्होल्टेज सांभाळतात. हा टॅप क्रमांक पुढे आमच्या कामी आला.

आमच्या उपकेंद्रातले एक जुने यंत्रचालक, सगळे त्यांना मामा म्हणतात, दर वेळी सिरिंज उजेडाकडे धरून तपासायचे आणि म्हणायचे, "मॅडम, काच साफ हाय बघा, एक बी बुडबुडा न्हाई." त्यांच्या हातचं सॅम्पल प्रयोगशाळेतून कधी परत आलं नाही.

एप्रिल लागला तसं इथिलीन १०० पार झालं, महिना संपता संपता १६० वर गेलं. मिथेन ९५, ॲसिटिलीन ३. हे तीन आकडे ड्युव्हल त्रिकोणात टाकले. कॅनडातल्या हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीच्या मिशेल ड्युव्हल यांनी १९७०च्या दशकात मांडलेली ही पद्धत आहे. मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तिघांची बेरीज शंभर धरायची, प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत काढायचा आणि त्रिकोणावर तो बिंदू कुठल्या भागात पडतो ते बघायचं. आमचं इथिलीन ६२ टक्के, ॲसिटिलीन एक टक्क्याच्या जरासं वर. बिंदू थेट टी-३ भागात पडला. टी-३ म्हणजे तेल कुठेतरी ७०० अंशांच्या वर तापतंय. कार्बन मोनॉक्साइड वाढत नव्हतं, त्यामुळे कागद त्यात नव्हता. उघडा धातू तेलात तापत होता. म्हणजे एखादा सांधा, एखादा संपर्क किंवा कोअरमध्ये (वाइंडिंगच्या आतल्या लोखंडी गाभ्यात) फिरणारा प्रवाह.

आता संशयितांची यादी. कोणीतरी म्हणालं, टॅप चेंजरचं तेल मुख्य टाकीत झिरपत असेल. हे खरोखर होतं. ओएलटीसीच्या, म्हणजे भार चालू असताना टॅप बदलणाऱ्या याच यंत्राच्या, डायव्हर्टर स्विचमध्ये प्रत्येक बदलाला आर्क पडतो, त्या तेलात ॲसिटिलीन भरपूर असतं, आणि मधलं सील गळलं की मुख्य टाकीचा रिपोर्ट उगाच भीतीदायक दिसतो. पण तसं असतं तर ॲसिटिलीन वाढलं असतं. इथे ते जागेवर होतं. दुसरा संशय कोअरच्या अर्थिंगवर. कोअरला जमिनीशी एकच जोड हवी. दोन झाल्या तर मध्ये प्रवाह फिरतो. कोअर-अर्थचा जोड बाहेर आणलेला होता, क्लॅम्प मीटर लावून बघितला, प्रवाह नगण्य. शिवाय कोअरचा दोष भारावर फारसा अवलंबून नसतो. आमचा वायू मात्र भाराबरोबर चढत होता. रात्री थर्मल कॅमेरा घेऊन बुशिंगच्या (तारा टाकीत नेणाऱ्या इन्सुलेटरच्या) टोकांपासून रेडिएटरपर्यंत सगळं बघितलं. बाहेर काही सापडलं नाही, आणि सापडेल अशी आशाही नव्हती. जाड टाकी आणि तेलाच्या आड असलेला सुपारीएवढा तापलेला ठिपका कॅमेऱ्याला दिसत नाही.

राहिला टॅप चेंजरचा सिलेक्टर, म्हणजे टॅप निवडणारा भाग, जो मुख्य टाकीच्या तेलात असतो. इथे लेबलांवरचे टॅप क्रमांक काढून बघितले. उन्हाळ्यात सोलापुरात भार वाढतो, येणारं व्होल्टेज खाली राहतं, आणि ३३ केव्हीची बाजू सांभाळायला टॅप मधल्या स्थानाच्या एकाच बाजूला राहतो. फेब्रुवारीपासून एकदाही तो मधलं स्थान ओलांडून पलीकडे गेला नव्हता. आमच्या टॅप चेंजरमध्ये मधलं स्थान ओलांडताना दिशा बदलणारा एक वेगळा स्विच आहे. टॅप पलीकडे गेला नाही तर तो स्विच हलतच नाही. महिनोन्महिने एकाच जागी दाबून बसलेल्या संपर्कावर गरम तेलाचा पातळ थर चढतो, थरामुळे रोध वाढतो, रोधामुळे तापमान वाढतं, तापमानामुळे थर आणखी जाड होतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

खात्री करायची तर ट्रान्सफॉर्मर बंद करून वाइंडिंगचा रोध प्रत्येक टॅपवर मोजायला हवा होता. सुट्टीच्या दिवशी, कारखाने बंद असताना, आउटेज (ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायची परवानगी) मिळालं. परमिट घेतलं, डिस्चार्ज रॉड लावले, दोन्ही बाजूंची जोडणी सोडवली. मेगर, टॅन डेल्टा, टर्न्स रेशो या इन्सुलेशनच्या आणि वेढ्यांच्या चाचण्या करून घेतल्या, सगळ्या ठीक आल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रोध मोजताना एक गोष्ट मी सगळ्यांना आधीच बजावली होती: टॅप चेंजर आधी वरखाली फिरवायचा नाही. ज्या टॅपवर बंद झाला त्याच टॅपवर पहिलं रीडिंग घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी उलटं करतात, आधी सगळे टॅप दोनतीन वेळा फिरवतात आणि मग मोजतात. त्यात संपर्क घासला जातो, थर निघतो, रीडिंग छान येतं आणि दोष अदृश्य होतो. मग महिनाभराने इथिलीन परत चढायला लागतं आणि सगळे चक्रावतात.

डीसी प्रवाह सोडला. वाइंडिंगचा इंडक्टन्स इतका मोठा की आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, तोवर मीटरकडे बघत बसायचं. मे जवळ आलेला, यार्डातली खडी तापलेली, हेल्मेटच्या पट्ट्याखाली घाम. आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी आर आणि वाय जवळपास सारखे, पाऊण ओहमच्या आसपास. बी फेज त्यांच्यापेक्षा १५ मिलिओहमने जास्त. सगळे आकडे ७५ अंशांवर आणून पुन्हा ताडले. फरक दोन टक्क्यांचा. त्या बाजूच्या प्रत्येक टॅपवर हाच फरक. मधल्या टॅपवर फरक नाही. पलीकडच्या बाजूला नाही. मग परत मूळ बाजूला आलो तर बी फेजचा फरक निम्म्यावर आलेला. स्विच एकदा फिरला होता, थर थोडा घासला गेला होता.

दोष कुठे आहे हे आता टाकी न उघडता कळलं होतं. १५ मिलिओहम ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण पूर्ण भाराला १३२ केव्हीच्या बाजूने २१९ अँपिअर जातात. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केलं की त्या एका संपर्कावर सातशे वॅटच्या वर उष्णता होते. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत.

पुढचा प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहाराचा जास्त होता: उघडायचा कधी? उन्हाळ्यात भार सगळ्यात जास्त, तेव्हा ट्रान्सफॉर्मर बंद ठेवणं म्हणजे शहराला त्रास. पावसाळ्यात भार उतरतो, पण दमट हवेत टाकी उघडली तर कागद ओलावा ओढून घेतो आणि तो काढायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ जातो. त्यातच आषाढीला पंढरपूरकडे एक दिवाही जायला नको म्हणून त्या दिवसांत जिल्ह्यात आउटेज कोणी देत नाही. दिवाळीपर्यंत थांबावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी मेचा आग्रह धरला. सोलापूरची मेमधली हवा कोरडी ठणठणीत असते, टाकी उघडायला त्याहून चांगली हवा मिळणार नाही. आणि दिवाळीपर्यंत तो संपर्क टिकेल याची हमी कोण देणार? तो जळून तुटला तर आर्क पडेल, बुखोल्झ ट्रिप देईल आणि कदाचित वाइंडिंगसकट सगळं जाईल. बंद होण्याचा दिवस आपण निवडायचा की ट्रान्सफॉर्मरने, एवढाच प्रश्न होता. माझ्या दृष्टीने या सगळ्या तपासण्या करायच्या त्या हा दिवस आपल्या हातात राहावा म्हणूनच.

शेवटी मे ठरला. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरवर जितका बसेल तितका भार घेतला, काही फीडर जवळच्या उपकेंद्रांकडे वळवले, आणि काही कारखान्यांनी पाळ्या पुढेमागे करायचं मान्य केलं. त्यांना कारण नीट समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी फार कटकट केली नाही. एक मालक म्हणाले, "ताई, आठवडाभर माग बंद ठेवण्यापेक्षा दोन रात्री परवडल्या की ओ."

तेल साठवण टाकीत उतरवताना वरून कोरडी हवा सोडत राहिलो, दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली असलेली. आत माणूस उतरायच्या आधी ऑक्सिजन मोजायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणीही उतरायचं नाही. खिसे रिकामे. अंगठी, घड्याळ, पेन, गळ्यातला ताईत, सगळं बाहेर काढून ठेवायचं. प्रत्येक पान्याला दोरी बांधलेली आणि वहीत नोंद, आत किती गेले आणि बाहेर किती आले. वॉशर एक कमी निघाला तर टाकी बंद होत नाही. आमच्यातला सगळ्यात बारीक अंगाचा तंत्रज्ञ मॅनहोलमधून आत गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मॅडम, बी फेजचा काळा झालाय. बाकी दोन चकचकीत हायेत."

बाहेर आलेला संपर्क मी हातात घेऊन बघितला. चांदीचा मुलामा गेलेला, तांबं खड्डे पडून निळसर-काळं झालेलं, आणि कडेला भाकरी भाजून भाजून तव्यावर बसतो तसा कडक काळा थर. नखाने निघत नव्हता. मूळ जाडीचा चांगला तिसरा हिस्सा खाल्लेला होता. बाकी दोन फेजच्या संपर्कांवरही तपकिरी छटा आलेली होती, म्हणून तिन्ही बदलले, स्प्रिंगचा दाब तपासला, आणि टाकी बंद करायच्या आधी रोध परत मोजला. तिन्ही फेज एका रांगेत आले.

नंतरचं काम वेळखाऊ, पण सरळ: टाकीत व्हॅक्यूम, फिल्टर मशिनमधून गरम तेल भरणं, तेल फिरवत ठेवणं, मग तेल शांत होऊ देणं आणि बुखोल्झमधून अडकलेली हवा काढणं. बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सहन करतं तो आकडा) आणि पाण्याचं प्रमाण मनासारखं आल्यावर आधी बिनभाराचा चार्ज केला. हळूहळू भार चढवला.

इथे एक बारीक गोष्ट नव्या लोकांसाठी सांगते. फिल्टर मशीन तेलातले वायूही काढून टाकतं, त्यामुळे पहिल्या रिपोर्टमध्ये सगळं जवळजवळ शून्य दिसतं. पण वाइंडिंगच्या कागदात जुनं तेल मुरलेलं असतं, त्यातले वायू हळूहळू नव्या तेलात उतरतात. म्हणून चार्ज केल्यानंतर पहिले काही आठवडे इथिलीन थोडं वर येतं आणि मग थांबतं. हे माहीत नसेल तर माणूस घाबरून टाकी परत उघडायला निघतो. आमचं इथिलीन १८ पर्यंत चढलं आणि तिथेच राहिलं. पावसाळा संपला, ऑक्टोबरची हीट आली, साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले, तरी तिथेच.

या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी लावून धरल्या. पहिली, प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा टॅप ठरावीक काळाने मधलं स्थान ओलांडून एकदा पलीकडे आणि परत फिरवायचा, भार कमी असेल त्या वेळी, व्होल्टेज सांभाळून. याला पैसे लागत नाहीत. दुसरी, ऑनलाइन डीजीए. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. तेव्हापासून सोलापूरचं नाव वीज क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. अतिउच्च दाबाच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आणि असायलाच हवं. पण ती वीज अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांपर्यंत पोचते ती शेवटी अशाच १३२/३३च्या ट्रान्सफॉर्मरमधून, आणि त्यांच्या वाट्याला वर्षातून दोन सिरिंजा येतात. दोन सिरिंजांच्या मधल्या सहा महिन्यांत काय घडलं हे कोणालाच कळत नाही.

ऑनलाइन यंत्र घेताना फक्त हायड्रोजन मोजणारं स्वस्त यंत्र घ्यावं, असा एक प्रस्ताव होता. मी विरोध केला. आमच्या दोषात हायड्रोजन फारसा हललाच नव्हता, सगळी गोष्ट इथिलीनने सांगितली. निदान मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन वेगवेगळं दाखवेल असं यंत्र हवं, नाहीतर ड्युव्हल त्रिकोण मांडता येणार नाही. यंत्रं कमी घ्या, पण अशी घ्या, हे माझं म्हणणं शेवटी मान्य झालं. पहिलं यंत्र याच ट्रान्सफॉर्मरच्या जोडीदारावर बसलं, कारण दोघांचा टॅप चेंजर एकाच बनावटीचा आणि दोघांचं वयही सारखं आहे. त्याचं इथिलीन सध्या ४१ वर आहे. तिथून हललं तर येत्या मेसाठी आउटेजचा अर्ज मी आत्ताच तयार ठेवला आहे.